नळातला न

"आदी पानी पी, मंग सांग," असं कुणीतरी म्हणालं आणि दारात उभी असलेली, गॅसचं मीटर बघायला आलेली बाई मटकन जिन्याच्या पायरीवर बसली. कुणीतरी म्हणजे मीच. दुसरं होतं कोण घरात? जाळीचा दरवाजा सताड उघडा होता, माझ्या हातात स्टीलचा पेला होता, आणि माझ्याच तोंडातून, आयुष्यभर घासूनपुसून लख्ख ठेवलेल्या या तोंडातून, 'पानी' बाहेर पडलं होतं. पाणी नव्हे, पानी. बाई बिचारी घटाघटा प्यायली, पदरानं मान पुसली, "बरं वाटलं हो मावशी, ऊन काय मी म्हणतंय," असं काहीतरी बोलली, मोबाइलवर मीटरचा फोटो काढला आणि वरच्या माळ्यावर गेली. तिच्या काही ध्यानात आलं नाही. मी मात्र दार लावलं, बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "पाणी. पाणी. पाणी." जीभ बरोबर टाळ्याला लागत होती. म्हणजे यंत्र शाबूत होतं. मग मघाशी झालं काय?

यात एवढं दचकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. अहो, निम्मा महाराष्ट्र पानीच पितो आणि ठणठणीत असतो. पण मी तुर्भ्याच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. एमआयडीसीत, ट्रकांच्या रांगांमागे आमचं शटर आहे. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, शाळेची गाइडं, कॅलेंडरं, लग्नपत्रिका, काय वाट्टेल ते तिथं छापलं जातं, आणि त्यातल्या मराठीवर शेवटची लाल खूण सुनीती मॅडमची, म्हणजे माझी. रस्त्यानं जाताना मला आधी पाटीवरची चूक दिसते, मग दुकान दिसतं. नंदकिशोर, माझा नवरा, होता तेव्हा म्हणायचा, "सुनीती, तुला देव भेटला ना, तर तू आधी त्याचं ऱ्हस्वदीर्घ तपासशील, मग पाया पडशील." तो गेल्यावर घरात चुका काढायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी बाहेरच्यांच्या काढायला लागले. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतली पोरगी, कुणी सुटलं नाही. लोकांना राग येतो हे मला कळत नव्हतं असं नाही. पण चूक ती चूक, रागाला काय चाटायचंय? निदान परवापर्यंत तरी माझं असंच मत होतं.

आणि हा ण काही मला पाळण्यात मिळालेला नाही, तेही सांगून टाकते. माझी आई, राजाबाई, साताऱ्याकडची. ती पानी म्हणायची, लोनी म्हणायची, कडी वाजली की "कोन हाय?" म्हणून आतूनच ओरडायची. आम्ही मुंबईत आलो तेव्हा मी पाचवीत होते. वर्गात बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला, मी विहिरीचं 'पानी' वाचलं आणि अख्खा वर्ग खिदळला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी फळ्यावर दोन अक्षरं काढली आणि म्हणाल्या, "हा नळातला न, हा बाणातला ण. घरी जाऊन घोटून ये." मग मी मोरीत बसून नळ मोठा सोडायची, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही, आणि ण घोटायची. जिभेचं मूळ दुखायचं. जमला त्या दिवशी काय आनंद झाला होता! धावत जाऊन आईला म्हटलं, आई, तूपण म्हण ना, पाणी. ती भाकरी थापत होती. हसून म्हणाली, "तूच म्हन बाई. मला मेलीला आता नवी जीभ कुठली मिळायची?" आईच्या साड्या मला एकूण एक आठवतात, तिच्या हाताला येणारा पिठाचा वास आठवतो, पण तिचा आवाज कित्येक वर्षांत आठवलेला नाही. खूप प्रयत्न केला तरी नाही. आणि परवा आरशासमोर पाणी पाणी करताना एकदम मनात आलं, मघाशी दारात बोललं ते कोण? खालच्या ओट्यावरची गोजराबाय बोलली की आई? मी तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

गोजराबाय माझी घरमालकीण. जुईनगरची आमची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्यानं राहायची वेळ आली. श्रुती, माझी मुलगी, म्हणाली पुण्याला ये. मी म्हटलं, छापखाना कोण बघणार? म्हणून मग स्टेशनापलीकडच्या गावात जागा घेतली. आमच्या सेक्टरातली माणसं 'गावात' हा शब्द जरा नाक वर करूनच उच्चारतात, मीही उच्चारायची. दोन इमारतींमध्ये हात घातला तर समोरच्याचा टॉवेल हाती येईल इतक्या चिंचोळ्या गल्ल्या, पण एकेकाच्या दाराशी गाड्या बघाव्यात! गोजराबायची शेती नव्या शहरात गेली, उरल्या तुकड्यावर तिच्या नवऱ्यानं, हिरामणनं, ही तीन माळ्यांची इमारत बांधली. आता तो नाही, नातू केतन खडी-रेतीचा धंदा बघतो, आणि ही बाई नाकात भलीमोठी नथ, अंगावर ठसठशीत सोनं, अशी दिवसभर तळमजल्याच्या ओट्यावर बसलेली. शेजारी पितळी तांब्या, त्यावर पेला पालथा. तिला काही कुणाला पाणी पाजायची गरज नव्हती. भाडी येत होती, पोरं कमावत होती.

मी आले तो मे महिना होता. टेम्पोतून सामान उतरत होतं, हमाल माझ्या पुस्तकांच्या खोक्यांना शिव्या घालत होते, मी हमालांना. तेवढ्यात ही उठली आणि पेला माझ्यासमोर धरला. "आदी पानी पी बय, मंग चल वर." मी म्हटलं, आधी सामान लागू दे. ती म्हणाली, "सामान कं पलून चाललंय?" मी वैतागले होते, माझ्या पर्समध्ये माझी बाटली होती, फिल्टरची. आणि सवय! सवयीला औषध नाही. मी म्हटलं, "पानी नाही हो, पाणी." हमाल थांबून बघायला लागले. मला वाटलं आता ही बाई मला टेम्पोसकट परत पाठवणार. ती एवढी हसली, एवढी हसली की नथ थरथरायला लागली. "बरं बय," म्हणाली. "पाणी. आता पी." काय करणार? प्यायले. माठातलं होतं, वाळ्याचं. ते पोटात उतरलं तेव्हा मला कळलं की सकाळपासून मी घोटभरही प्यायले नव्हते. मग मी हमालांशी जरा बऱ्या शब्दांत बोलले. त्याचं श्रेय त्या वेळी मी कुणालाच दिलं नाही.

पुढं एक लक्षात आलं की हे माझ्यासाठी खास नव्हतं. कुरियरवाला, मीटर बघणारा, केबलवाला, वर्गणीवाले, जनगणनेच्या बाई, पत्ता चुकलेला, भांडायला आलेला, ओट्यापुढून जो जिन्याकडे वळेल त्याला आधी पेला. काय काम, कुणाकडे, हे सगळं नंतर. एकदा तर केतनशी हुज्जत घालायला कुणी ठेकेदार तावातावानं आला होता, त्यालाही, "आदी पानी पी, मंग बोंबल." आता पाणी पिऊन ढेकर दिल्यावर माणूस कितीसा बोंबलणार? मी वरून, जाळीच्या दारामागून हे सगळं बघायची. माझा दरवाजा कधी उघडत नसे. सह्या मी जाळीतून करायची, पाकिटं जाळीच्या फटीतून घ्यायची, "काय काम आहे?" हे माझं पहिलं वाक्य आणि "नाव नीट लिहा, सुनीतीतली नी दीर्घ," हे दुसरं. एकदा मी तिला विचारलंच, की बाई, हे सगळ्यांना पाणी कशाला? ती म्हणाली, "माजं माहेर उरनला, मोऱ्याकडलं. बाप मिठागरान कामाला. तकडं नजर जाईल तवर पानीच पानी, पन प्यायला थेंब नाय. गोर पानी आयस डोक्यावरशी आनायची, लांबशी." मला आधी कळेना गोरं पाणी म्हणजे काय. गोर म्हणजे गोड, आणि आयस म्हणजे आई. "मिठागरानशी मानूस बाहेर आयला का आयस आदी पानी द्यायची, मंग बोलायची. बोलायची, सुकल्या जिबंनं मानूस वाकरंच बोलतं. त्याचा कं दोष?" एवढं सांगून ती दाणे सोलायला लागली. मी वर आले. माझी जीभ काय मिठागरात वाळलेली आहे की काय, असं तेव्हा मला काही वाटलं नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

तिनं माझ्यासाठी मोठं असं काही केलेलं नाही. मला कुठल्या संकटातून काढलं नाही, दवाखान्यात नेलं नाही, तशी वेळच आली नाही. फक्त मी रोज जिना उतरताना आणि चढताना ते बघत राहिले. बघून बघून माणूस बदलतं का? मला विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. पण मध्यंतरी ती भाचीच्या लग्नाला मोऱ्याला गेली, चांगली आठवडाभर. ओटा रिकामा. तेव्हा एकदा सिलिंडरवाला समोरच्यांचं सिलिंडर खांद्यावरून उतरवून खाली निघाला आणि माझ्या जाळीसमोर थांबून त्यानं कठड्यावरून खाली, ओट्याकडे, बघितलं. तांब्या नव्हता. त्यानं नुसते ओठ चाटले. मागितलं काही नाही. मी जाळीमागे उभी. अक्षरशः अपराध्यासारखं झालं मला. मी बाटली आणली, दार उघडावंच लागलं, जाळीतून बाटली जात नाही. मनात म्हटलं, गोजराबायच्या बदलीवर आहे, ती आली की बंद. ती आली. पण दाराशी ठेवलेला माझा पेला काही परत आत गेला नाही. दार उघडलं की माणसाचा चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की नी दीर्घ की ऱ्हस्व हे विचारायचं राहूनच जातं. असं ते वाढत गेलं. आणि मग परवाचं ते 'पानी'.

डबे पुसून झाले तेव्हा फोन वाजला. श्रुतीचा. "आई, शनिवारी येतोय. मला वाशीला दिवसभर मीटिंग आहे. जाईला तुझ्याकडे ठेवू?" माझ्या छातीत धस्स झालं. आनंदानंच झालं, पण धस्सच. जाई माझी नात, साडेतीन वर्षांची. दिवाळीनंतर श्रुतीनं तिला माझ्याकडे आणलंच नव्हतं. "ठेव की, विचारतेस काय," मी म्हटलं. मग श्रुती म्हणाली, "आई, एकच. प्लीज. तिला दुरुस्त करायचं नाही. एकदाही नाही. या वेळी तसं झालं ना, तर मग मी नाही आणणार गं." भांडून म्हणाली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण ती दमल्यासारखी बोलत होती, आणि ते 'आणणार' अगदी शुद्ध होतं. मीच शिकवलेलं.

दिवाळीत झालं होतं ते असं. जाई उशिरा बोलायला लागली. तीन वर्षांची होईतो बोट दाखवायची, हूं हूं करायची, बस्स. श्रुती आणि ऋषी, माझा जावई, तिला घेऊन त्या स्पीच थेरपीवाल्या मॅडमकडे खेटे घालत होते. दिवाळीच्या जरा आधी कुठं तिला शब्द फुटायला लागले होते, एकेक, नळाला पाणी येण्याआधी नुसती हवा येते ना, तसे. भाऊबीजेच्या दुपारी ती खेळता खेळता उठली, थेट माझ्याकडे आली, आईकडे नाही हं, माझ्याकडे, माझी साडी धरली आणि म्हणाली, "आजी, पानी." श्रुतीचे डोळे भरून आले होते. पोर पहिल्यांदा स्वतःहून कुणाला काही मागत होती. आणि मी काय म्हटलं? "पाणी. म्हण बघू, णी. जीभ वर लाव." जाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं, "बाणातला ण. णी." तिनं ओठ मिटून घेतले. ते मिटले ते मिटलेच. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुन्हा ते बोट आणि ते हूं हूं. श्रुतीनं एक दिवस आधीच बॅगा भरल्या. मी जिन्यात म्हटलं, अगं, आत्ताच वळण लावायला नको का, माझ्यावर हसले होते तसे हिच्यावर हसतील. श्रुती खालच्या पायरीवरून वर बघत म्हणाली, "आई, तिला तहान लागली होती." एवढंच. गाडी गेली. मी वर येऊन बघते तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पेला तसाच, पालथा. मी तिला पाणी दिलंच नव्हतं. उच्चाराच्या नादात द्यायचंच राहिलं होतं.

तर आता शनिवार. परत तसं झालं तर नातीचं तोंड मला फोनवरच बघायचं, हे उघड होतं. आणि माझा स्वतःवर काडीचाही भरवसा नव्हता. लाल पेनाची सवय हाताला असते तशी जिभेला असते, विचार करायच्या आत खूण उमटते. उरलेला आठवडा मी स्वतःवर पाळत ठेवून काढला. छापखान्यात केयूर, आमचा लेआउटवाला, त्यानं औषधाच्या चिठ्ठीत 'कोमट पान्याबरोबर' टाइप केलं होतं. एरवी मी जागेवरूनच हाक मारते, "केयूर, परत पहिलीत जाऊन बस!" आणि सगळा हॉल हसतो, तोही हसतो, निदान मला तसं वाटायचं. या वेळी मी उठून त्याच्या टेबलाशी गेले, हळूच बोट ठेवलं, आणि म्हटलं, "चहा झाला का रे तुझा?" तो ताडकन उभाच राहिला. "मॅडम, काय झालं? घरी सगळं ठीक ना? कोण गेलं काय?" मी म्हटलं, मेल्या, चहा विचारला तर माणूस मरायला लागतं का? मग आम्ही दोघं हसलो, आणि ते हसणं नेहमीसारखं नव्हतं. चहा पिताना त्यानं मला सांगितलं की त्याला डाव्या डोळ्यानं कमी दिसायला लागलंय, म्हणून चुका होतात, नोकरीचं टेन्शन आहे, कुणाला बोलला नाही. किती दिवस? बरेच दिवस. मी रोज त्याच्या चुका मोजत होते आणि तो रोज हसत होता. मी त्याला चिठ्ठीची प्रत मोठ्या अक्षरात काढून द्यायला लागले. यात माझा चांगुलपणा नाही हो. माझ्या जागी ओट्यावरची ती बाई असती तर तिनं काय केलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं, आणि मी कॉपी करत होते. परीक्षेत पोरं करतात तशी, शेजारच्याचं बघून.

पण मनातली हुरहुर जाईना. हे असंच चाललं तर उद्या मी 'हाय' म्हणेन, 'नाय' म्हणेन. माझं म्हणून राहील काय? एवढ्या कष्टानं मिळवलेली एकच गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी खाली ओट्यावर जाऊन बसले. गोजराबाय सुके बोंबील निवडत होती, वास असा की बोलायची सोय नाही. तिनं आधी पेला दिला. मग म्हणाली, "कं झालं गो? तोंड का पारलंस?" मी सगळं सांगितलं. परवाचं पानी, उद्याची जाई, श्रुतीची अट. तोंडाला कुलूप लावून बसू का दिवसभर, म्हटलं. ती म्हणाली, "कुलूप लावशील तर पोर कुनाशी बोलंल? भितीशी?" मग जरा वेळ बोंबील मोडत राहिली. "तू मना पयल्या दिशी बोललीस, पानी नाय पाणी. मना राग नाय आला. का माहीत? मना तहान नव्हती. तहानेलं मानूस नि पोटभर पेलेलं मानूस, दोगांना येकच बोललं तर येकच लागत नाय." आणि मग डोळे बारीक करून, चेष्टेनं, "नि बय, मी पन दुसरीपतूर सालंन गेलेली हाय. नलातला न, बाणातला ण, मनापन शिकवलाय मास्तरनं. मना सांग, पानी कशाला येतं? नलाला का बाणाला?" बाण म्हणताना मात्र तिनं ण असा ठणठणीत म्हटला, की मी बघतच राहिले. येत होता म्हणजे तिला! सगळा वेळ येत होता, पहिल्या दिवशी पेला देतानाही तिनं म्हटला होता, माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. तिला त्याची गरज वाटत नव्हती, एवढंच. मी हसता हसता रडायला लागले की रडता रडता हसायला, कोण जाणे. तिनं बोंबलाच्या हातानंच पाठीवर थोपटलं. माझी साडी दोनदा धुवावी लागली.

शनिवारी सकाळी श्रुतीनं जाईला आणलं. पोर उंच झाली होती, केसांना दोन बो, पाठीवर सशाची बॅग. माझ्याकडे बघितलं आणि आईच्या ओढणीमागे गेली. जाईचे चार शब्द श्रुतीनं आत्ता कुठं परत मिळवलेले, ते माझ्या दारात हरवणार की काय या भीतीनं तिचा चेहरा असा झाला होता की मीटिंगला निघायची वेळ झाली तरी तिचा पाय निघेना. चप्पल घालून दारातच उभी. मी जाईच्या जवळ गेले नाही. जमिनीवर बसले आणि कालचे मटार सोलायला घेतले. एक शेंग तिच्या बाजूला सरकवली. ती आली. बसली. शेंग उघडायला जमेना, मी काही बोलले नाही. जमली. तिनं दाणे माझ्या ताटलीत टाकले, एक खाल्ला, परत एक शेंग. असं चाललं होतं. श्रुती दाराला टेकून बघत होती आणि मला दातांमागे दबा धरून बसलेल्या माझ्याच जिभेचा आवाज ऐकू येत होता. बाहेर ऊन चढत होतं. मग जाईनं हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मला तो चेहरा ओळखीचा वाटला, मोरीत नळ सोडून बसलेल्या पोरीचा असतो तसा. कपाळाला आठी, तोंड उघडं, जीभ आत हळूहळू वर चाललेली. "आजी," ती म्हणाली, थांबली, आणि मग सगळा जीव एकवटून, "पा... णी."

ण होता. पुरता, टाळ्याला लागलेला. श्रुतीनं तोंडावर हात ठेवला. "आई, हे मी नाही शिकवलं," ती पुटपुटली, "देवाशप्पथ नाही." म्हणजे दिवाळीपासून ही पोर एकटीच घोटत होती. कुठल्या कोपऱ्यात, कुणाला ऐकू न देता, कोण जाणे. आजीकडे पाणी मागायचं तर आधी हे यायला पाहिजे, असं तिनं ठरवलं होतं. शाबास म्हणायचं होतं का मला? माहीत नाही. विचार करायला सवड कुठं होती, पोरीला तहान लागली होती. मी मटारांची ताटली उलटवून उठले आणि धडपडत दाराशी गेले, श्रुतीला बाजूला सारून पेला उचलला, आणि भरता भरता माझ्या तोंडातून निघालं, "पानी होय गं माझ्या बायला? आले हं, आले, आदी पानी पी." ते आईचं होतं. या वेळी मला शंका नव्हती. भाकरी थापता थापता बोलायची तो आवाज, तसाच्या तसा, माझ्या घशातून.

जाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, तिनं ते इवलंसं बोट वर केलं, अगदी माझ्यासारखं, आणि म्हणाली, "आजी! पानी नाही! पाणी!" आणि खदखदून हसली. हसता हसता खाली पडली, परत उठली, परत म्हणाली, "आजी चुकली! पाणी म्हण!" एका दमात इतके शब्द ती कुठं, कुणाशी बोलली नव्हती. श्रुती दाराला धरून खाली बसली, तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, मीटिंगचा फोन पर्समध्ये वाजत राहिला. आयुष्यात मला कुणी चूक दाखवली की माझी कानशिलं तापतात. त्या दिवशी तापली नाहीत. मी जाईपुढे गुडघ्यावर बसले.

"बरं बय," म्हटलं. "पाणी. आता पी."

ती प्यायली. दोन्ही हातांनी पेला धरून, मध्ये श्वास न घेता, फ्रॉकवर सांडत. खालून गोजराबाय केतनला कशावरून तरी ओरडत होती. जाईनं रिकामा पेला माझ्यापुढे धरला, ओठांवरचं मनगटानं पुसलं आणि म्हणाली, अजून. पुढचा शब्द तिनं नळातल्या ननं म्हटला की बाणातल्या णनं, श्रुतीनं नंतर मला विचारलं. खरं सांगते, माझ्या काही ध्यानात राहिलं नाही. मी पेला भरत होते.